निळी छत्री सापडली आहे

७ फेब्रुवारी

ती. भोंगामामास,

साष्टांग नमस्कार घातलाय असं समज. खरंच घातला असता, पण इथल्या ऑफिसची फरशी इतकी गुळगुळीत आहे की घसरत थेट साहेबांच्या केबिनमध्ये पोचेन. जन्मभर भोंग्याशेजारी बसून तुझा उजवा कान गेला आणि डावा मामीने बोलून बोलून संपवला, तेव्हा फोनचा उपयोग नाही. म्हणून पत्र.

बातमी अशी की तुझ्या भाचीला बढती मिळाली. आपला रग्बी क्लब ज्यांनी विकत घेतला त्या नव्या मालकांनी 'जगभरचे चाहते' नावाचा विभाग काढलाय, आणि त्याची प्रमुख मी. विभागात मी, दोन सहकारी आणि भिंतभर एक नकाशा. जिथे चाहता मिळेल तिथे टाचणी टोचायची. आपल्या गावावर टाचणी नाही. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "ते तर आपलेच आहेत. त्यांना काय मिळवायचं?"

आता काम. सामने लांबलांब दिसायला लागलेत, पण त्यांना आवाज लावतात तो कुठल्यातरी स्टुडिओतला, इस्त्री केलेला. मला मैदानाच्या भोंग्यावरचा तुझा आवाज हवाय. तुझ्या टेबलाखाली बसून मी हा खेळ शिकले. पहिली दोन वर्षं तर मला वाटायचं की सामना तू बोलतोस म्हणून होतो. तुझ्या केबिनमध्ये एक छोटा माइक बसवायला माणूस येईल, त्याला हाकलू नकोस. तू काहीही वेगळं करायचं नाहीस. नेहमीसारखं बोल.

मामीला नमस्कार. तिला सांग, मी जेवते.

तुझी
चिंगी


८ मार्च

चि. चिंगीस,

भोंग्याचा आशीर्वाद, दोन्ही कर्ण्यांतून.

बढतीचं मामीने गल्लीभर सांगितलं. माझ्यापर्यंत ते सगळ्यात शेवटी आलं, कारण माझ्याशी बोलताना ओरडावं लागतं आणि गल्लीशी बोलताना लागत नाही. मला कळलं ते एवढंच, की आम्ही विकले गेलो आणि तू घेणाऱ्यांकडे कामाला लागलीस. म्हणजे घरातलं घरातच राहिलं.

तुमचा माणूस आला. माइक वाटाण्याएवढा आणि त्याची पेटी संसाराएवढी. केबिनमध्ये टेबल, किटली, मी आणि ती पेटी असे चौघे बसल्यावर दार लागेना. त्याने विचारलं, "काका, स्क्रिप्ट कुठे आहे?" मी म्हटलं, सामना झाला की मिळेल.

पहिला सामना या माइकवर झाला. माझी पद्धत तुला ठाऊक आहे, आधी माणसं, मग गुण. आपल्या पोराने रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केला तर तो सगळ्या स्टँडला दिसतो. पण फाटकात कोणी आडवी सायकल लावून गेलंय, न्हाव्याच्या दुकानाची किल्ली बाकाखाली पडलीय, बेकरीवाल्याची बायको सांगतेय की पाव संपत आलेत, हे कोणाला दिसतं? ते सगळं सांगितलं. एकदा निळी छत्री सापडल्याचंही सांगावं लागलं. आपण हरलो. पाहुण्या संघाने आपल्याला चिखलात असं लोळवलं की शेवटी कोण कुठल्या संघाचा ते धुतल्यावर कळलं.

तुझ्या लांबच्या मंडळींना यातलं काय आवडणार ते तूच जाण. मामी म्हणते, जेवतेस ते कळलं, काय जेवतेस ते लिही.

मामा


१८ एप्रिल

ती. मामा,

तू बसलायस ना? नसशील तर बस.

तू प्रसिद्ध झालास. म्हणजे तू नाही, तुझी छत्री. "एक निळी छत्री सापडली आहे, ज्याची असेल त्याने केबिनकडे यावं", एवढं तुझं वाक्य कोणीतरी कापून पुढे पाठवलं आणि ते जगभर फिरतंय. ज्यांनी जन्मात रग्बी पाहिली नाही ते विचारतायत, "छत्री मिळाली का?" आमच्याकडे छत्र्या यायला लागल्या, मामा! निळ्या. टपालाने. हरवलेल्या माणसाला द्या म्हणून. साहेबांच्या केबिनमध्ये आता साहेब मावत नाहीत. नकाशावर टाचण्या संपल्या, शिंप्याकडून मागवल्या.

माझंही थोडं कौतुक कर. क्लबच्या पानावर मी माझी आठवण लिहिली. तुला आठवतं? मी सहा वर्षांची असेन. टेबलाखाली बसले होते, तू छत्रीचं सांगितलंस, आणि बेकरीवाले काका आले. मला म्हणाले, "चल चिंगे, आपण मालक शोधू." त्यांचं बोट धरून मी सगळा स्टँड फिरले, एकेकाला विचारत. कोणाचीच नव्हती. मग त्यांनी मला बेकरीत नेलं आणि संध्याकाळभर गरम पाव खाऊ घातला. त्याच आठवड्यात बाबा गेल्याचं कळलं, त्यामुळे त्या दिवसांतलं तेवढंच एक मला छान आठवतं. लोक वाचून रडले, मामा. साहेबसुद्धा. ते म्हणाले, "हेच तर आपल्याला विकायचंय."

आता विनंती. छत्रीचं वाक्य दर सामन्यात एकदा म्हणशील का? मध्यंतराला, म्हणजे लोकांना वाट बघता येईल.

मी वरणभात जेवते. आणि बिस्किटं.

चिंगी


२९ एप्रिल

चि. चिंगीस,

छत्री सापडली तर मी सांगेन. नाही सापडली तर सांगणार नाही. ते वाक्य मागणीप्रमाणे मिळत नाही.

याहून जास्त लिहायला बसलो होतो. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. मामीने विचारलं, कोणाला एवढं लिहितोयस? म्हटलं, कोणाला नाही.

छत्र्या गरजूंना वाटून टाका. बिस्किटं हे जेवण नव्हे, असं मामी म्हणते.

मामा


१० जून

ती. मामा,

तू रुसलास हे मला कळतं. तुझं पत्र अर्ध्या पानाचं आलं म्हणजे मामीशीसुद्धा बोलत नसशील. म्हणून तुला त्रास नको असा मार्ग काढलाय. तुझा मार्चमधला आवाज आमच्याकडे आहेच. तो मध्यंतराला इथूनच लावू. तुला बोलायला नको, बटण दाबायला नको. तू आपला चहा पी.

आणखी दोन गोष्टी तुला बाहेरून कळण्याआधी सांगते. एक म्हणजे जर्सी. विटकरी रंग पडद्यावर चिखलासारखा दिसतो अशी तक्रार होती, म्हणून आता निळी, छत्रीच्या रंगाची. वीटभट्टीच्या लोकांनी काढलेला क्लब म्हणून विटकरी, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय घेतला. दुसरं, सामने आता शनिवारी दुपारी नाहीत, रविवारी सकाळी साडेसातला. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा जिथे जास्त टाचण्या आहेत तिथे संध्याकाळ असते आणि लोक मोकळे असतात.

गावच्या लोकांना थोडं लवकर उठावं लागेल, एवढंच. ते येतीलच. ते काय कुठे जाणार?

तुझी
चिंगी


२५ जून

कु. विभागप्रमुखांस,

सप्रेम भोंगा.

रविवारी सकाळी साडेसातला सामना झाला. स्टँडमध्ये जे होते त्यांतले निम्मे झोपेत होते आणि उरलेले निम्मे कॅमेऱ्यासाठी जागा भरायला बसने आणलेले होते. बसवाले सगळे निळे, कोऱ्या टोप्या, घडी न मोडलेल्या. आमची मंडळी विटकरीच. त्यांना हसून मागच्या रांगेत बसवलं, चित्र बिघडतं म्हणून. बेकरीवाला आला नाही, त्याच्या भट्ट्या त्या वेळी पेटलेल्या असतात. दवाखान्यातली सिस्टर आली नाही, रविवारी तिची सकाळपाळी. तिकीटवाल्या अक्कांची खिडकी बंद झाली, तिकिटं आता फोनवर मिळतात म्हणे. ती बाई इतकी वर्षं प्रत्येकाला त्याच्या घरचं विचारून तिकीट द्यायची, फोन ते विचारतो का?

मध्यंतराला माझा चहा चालला होता. इतक्यात माझाच आवाज माझ्या डोक्यावरून, "एक निळी छत्री सापडली आहे." मी हातातली कपबशी पाडली. नळवाला आणि टेम्पोवाला वरच्या रांगेतून धावत सुटले. नळवाला पायऱ्यांवर घसरला आणि ढोपर फोडून केबिनच्या दारात येऊन उभा राहिला, पांढराफटक. म्हणाला, "कोणाची?" मी म्हटलं, कोणाची नाही, कंपनीची आहे.

हे बंद कर, चिंगे. मी गंमत करत नाहीये. रग्बीत चेंडू पुढे फेकता येत नाही, मागच्या माणसाकडे बघूनच द्यावा लागतो. खेळ विकत घेतला त्यांना हा नियम कोणी सांगितलेला दिसत नाही.

मामा


१७ ऑगस्ट

ती. मामा,

कालचा रविवार!

आधी माफी मागते. जूनच्या तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण नळवाल्या काकांच्या धावण्यावर साहेब इतके हसले की पुढच्या वेळी त्यांच्यामागे कॅमेरा लावता येईल का, असं मलाच तुला विचारायला सांगितलं. ते मला जमेना, म्हणून गप्प बसले. मला वाटलं तू कायमचा रागावलास. आणि काल तू स्वतःहून, सामना ऐन रंगात असताना, छत्रीचं सांगितलंस!

काय आवाज लावलास रे मामा! तो कंप! "ज्याची असेल त्याने लवकर यावं", हे 'लवकर' तू नव्याने घातलंस ना? टेप लागली की उघडतात तशा अख्ख्या स्टँडने एकदम छत्र्या उघडल्या. सगळा स्टँड निळा. आम्ही इथे खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवल्या. तेवढा तुकडा सामन्यापेक्षा जास्त पाहिला गेला. साहेब म्हणाले, "तुमचा मामा कच्चा नाही. त्याला कळतं लोकांना काय हवंय."

इतके महिने तू आढेवेढे घेतलेस आणि शेवटी असा बार उडवलास. मला तुझा फार अभिमान वाटतो.

तुझी, तुझीच
चिंगी


३० ऑगस्ट

ती. मामा,

पत्र मिळालं ना? दोन रविवार केबिनमध्ये दुसराच कोणी बोलतोय, इस्त्री केलेला. मामीच्या फोनवर शेजारच्या शिलाईवाल्या मावशी होत्या. "मामांनाच लिहू दे" म्हणाल्या आणि ठेवला.

काय झालंय?

चिंगी


१२ सप्टेंबर

चि. चिंगीस,

मामी घरी आली आहे. उजवा हात अजून उचलत नाही, बोलणं निम्मं कळतं. तेव्हा आता आम्ही दोघं बरोबरीत आलो, तिला बोलता येत नाही आणि मला ऐकू येत नाही. भांडणं जवळजवळ थांबलीत.

त्या रविवारी शिलाईवाली धावत केबिनमध्ये आली. मामी ओट्यापाशी पडली होती, तोंड वाकडं झालं होतं. मला गाडी हवी होती आणि कोणीतरी खांद्याला खांदा लावणारं हवं होतं. मी बटण दाबलं आणि म्हटलं, निळी छत्री सापडली आहे. माझा आवाज कापला हे खरं. तो मी लावला नव्हता.

तुला आता सांगतो, निळी छत्री म्हणजे काय. छत्री नाहीच. मैदानात बसलेल्या कोणाच्या घरी वाईट झालं की खबर आधी तिकिटाच्या खिडकीवर यायची आणि अक्का ती माझ्याकडे आणायची. भोंग्यावरून माणसाचं नाव घेऊन तसलं सांगायचं नसतं. चारशे लोकांच्या आधी ते त्याला कळायला नको? माणूस चालत त्याच्यापर्यंत गेला पाहिजे, शेजारी बसला पाहिजे. म्हणून मी छत्रीचं सांगायचो, आणि चौघं उठायचे, बेकरीवाला, सिस्टर, नळवाला, टेम्पोवाला. केबिनकडे येऊन "कोणाची?" विचारायचे. मी नाव सांगायचो. मग सिस्टर त्या माणसाशेजारी जाऊन बसायची आणि टेम्पो फाटकात लागलेला असायचा. सामना चालूच राहायचा. बाकीच्यांना वाटायचं, या गावात छत्र्या फार हरवतात.

मार्चमधली छत्री नळवाल्याच्या सासऱ्याची होती. ती तुम्ही दर रविवारी वाजवत होतात.

मी बोललो आणि काचेतून बघितलं. ऐकू काही आलं नाही, फक्त दिसलं. स्टँडभर छत्र्या उघडल्या. बेकरीवाला बेकरीत, सिस्टर पाळीवर. नळवाला त्या पायऱ्यांनंतर येईनासा झाला होता. टेम्पोवाला समोरच होता, चिंगे. त्याला वाटलं टेप लागली. त्यानेही छत्री उघडली, लेकीने हौसेने घेतलेली. तो आता रोज घरी येऊन मामीच्या पायाशी बसतो आणि रडतो. मामी त्याला डाव्या हाताने चहा ढकलते.

केबिनपाशी एकच माणूस आला. तुमच्या जगभरच्या चाहत्यांतला, दोन विमानं बदलून खास हा सामना बघायला आलेला. आपल्या भाषेतलं त्याला एकच वाक्य येत होतं, माझंच, "ज्याची असेल त्याने केबिनकडे यावं." म्हणून तो आला होता. हातात त्याच्या बायकोची जुनी निळी छत्री होती, ती द्यायला. माझ्याकडे बघितलं आणि छत्री खाली टाकली. त्याच्याकडे भाड्याची गाडी होती. मामीला त्यानेच उचललं. दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसून राहिला, सामना कोण जिंकलं तेही त्याने विचारलं नाही. तुझ्या नकाशावर त्याची टाचणी असेल. तेवढी काढू नकोस.

एप्रिलमध्येच तुला हे लिहून पाठवलं असतं तर हे झालं नसतं. पण छत्रीचं सांगायचं तर पहिल्या छत्रीचं सांगावं लागलं असतं, आणि ते ताईने, तुझ्या आईने, जाईपर्यंत तुला सांगितलं नाही. भट्टीवर तुझे बाबा विटांच्या ढिगाखाली सापडल्याचा निरोप आला तेव्हा तू टेबलाखाली होतीस आणि ताई समोर तिसऱ्या रांगेत, हसत होती. माझ्या हातात माइक होता. माझ्या तोंडून तुझ्या बाबांचं नाव येईना. खुंटीवर माझी छत्री टांगलेली दिसली, तेच बोललो. बेकरीवाला खरंच कोणाची छत्री म्हणून विचारायला आला. माझं तोंड बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि तुला बोटाला धरून घेऊन गेला. तू मालक शोधत फिरत होतीस तोवर सिस्टरने ताईला बाहेर नेलं.

तू जे छान आठवतं म्हणून लिहिलंस ना, ते आम्ही सगळ्यांनी मिळून तुला दिलं होतं. तुम्ही ते विकलंत याचा राग आला होता, पण तुला माहीतच नव्हतं तर राग कोणावर धरायचा?

मोठा संघ मोठ्या स्टेडियमवर जाणार असं पेपरात वाचलं. माझी टेप खुशाल घेऊन जा. आमच्याकडे राखीव संघ राहिलाय, जुन्या विटकरी जर्सीत, शनिवारी दुपारी. अक्काही पुन्हा खिडकीत बसतात. आता माइक नाही, तुमच्या माणसाने पेटीसोबत आमचाही उचलून नेला. मी तसाच ओरडतो. छत्रीच्या जागी नवी खूण ठरली आहे. ती तुला सांगणार नाही. रागाने नाही, तुला कळलेली गोष्ट नकाशावर जाते म्हणून.

मामा


२० सप्टेंबर

ती. मामा,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, मामा. मामीचं तोंड वाकडं झालं होतं आणि मी टाळ्या वाजवत होते. हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी साहेबांकडे गेले, टेप आजच्या आज बंद करा म्हणाले. कारण सांगावं लागलं, सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळेही पुसले. मग म्हणाले, "पण ही गोष्ट तर छत्रीपेक्षाही चांगली आहे." मी तुझं पत्र पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. टेप त्यांनी बंद केली, पण ती गोष्ट अजून मागतायत.

राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटला असं लिहायला आवडलं असतं. मी फक्त रजा टाकलीय. पुढचं तिथे आल्यावर ठरवेन. निघण्याआधी आपल्या गावावर एक टाचणी टोचली. साहेबांनी विचारलं, "तिथे कोण मिळालं?" मी म्हटलं, अजून कोणी नाही, शनिवारी कळेल.

शनिवारी येतेय. आधी घरी, मामीपाशी. तिचं मन असेल तर मग मैदानावर. नवी खूण मी विचारणार नाही, आणि चुकून कळली तरी ओळख दाखवणार नाही. फक्त एवढं सांग, ती झाली की मी कोणाकडे बघून उठायचं?

चिंगी


२४ सप्टेंबर

चि. चिंगीस,

मामी म्हणते, म्हणजे मला तसं वाटलं, की बिस्किटं खाऊन येऊ नकोस, जेवायलाच ये.

बेकरीवाल्याकडे बघ. तो उठला की उठ. मागच्या वेळी त्याने तुझा हात धरला होता. आता त्याचे गुडघे गेलेत, तू त्याचा धर.

मामा